नवनदीचा नावाडी

"तुमच्यातला नावाडी कोण?"

बाईंनी दारातच उभं राहून विचारलं. साठीच्या पुढच्या असतील. वायलचं पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि तीन जिने चढून आल्यामुळे लागलेली धाप. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात सोमवारची सकाळ सुरू होत होती. नऊजणांपैकी आठांच्या कानांवर हेडफोन होते. दाराजवळचं टेबल माझं, त्यामुळे असे प्रश्न माझ्याच वाट्याला यायचे.

"काकू, बोटिंग रंकाळ्यावर असतं," मी म्हणाले. "खाली उतरा, रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर नेऊन सोडेल."

"रंकाळा न्हवं, बाळ. नवनदी. मोबाइलातली."

माझी ही खोड जुनी. समोरच्याचं वाक्य निम्मं झालं की उरलेलं मी पुरं करणार. आई म्हणायची, हेमांगीला कुणी पत्ता विचारला तर ती त्याला तो बोलायच्या आधीच भलत्या गावाला पोचवते. मला मात्र ती माझी हुशारी वाटायची. आज पस्तिशी ओलांडल्यावर, तो खेळ बंद पडून सहा वर्षं झाल्यावर, तो सोमवार आणि त्यानंतरचा मंगळवार आठवला की अजून कान गरम होतात.

नवनदी हा आमचा ऑनलाइन खेळ. नऊ नद्यांचा एक काल्पनिक मुलुख, त्यात जलदैत्य, बोलणारी झाडं, हरवलेली गावं. खेळणाऱ्यानं एखाद्या वाटसरूचं सोंग घ्यायचं आणि देशभरच्या इतर वाटसरूंबरोबर हिंडायचं. खेळ दसऱ्याला सुरू झाला आणि महिन्याभरात मतांचा नुसता पाऊस पडला. ती मतं वाचणं हीच माझी नोकरी होती. एक खेळाडू लिहायचा, 'तीन दिवस झोप नाही, असा खेळ आपल्या भाषेत आला याचा अभिमान वाटतो.' त्याच्याच खाली दुसरा, 'जलदैत्य इतका गोडबोल्या आहे की मारायला लाज वाटते.' एक म्हणे लढाया फार, दुसरा म्हणे लढाया कुठं आहेत. साताऱ्याच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझा मोबाइल एवढा तापतो की आईनं विचारलं, यावर पापड भाजू का?' व्यक्ती तितक्या प्रकृती. मी रोज ही मतं तीन ढिगांत टाकायची: ठेवा, बदला, काढा. दर शनिवारी बैठकीत ढीग मोजले जायचे आणि संध्याकाळी खेळात सुधारणा व्हायची.

एका बाबतीत मात्र बहुतेकांचं एकमत होतं. नावाडी नको.

पहिली नदी ओलांडायला नावेत बसावं लागे. नावाडी विचारायचा, "कुठं जायचं, पाव्हणं?" त्याला खेळाडूनं तोंडानं उत्तर द्यायचं, पलीकडच्या तीन गावांपैकी एकाचं नाव घ्यायचं. उत्तर आलं नाही तर नावाडी थांबायचा. मिनिटाभरानं म्हणायचा, "घाई न्हाई. नाव कुठं पळून जात न्हाई." आणि पुन्हा थांबायचा. पर्यायांची यादी नाही, बटण नाही. कुणी बसमध्ये खेळतंय, कुणी वर्गात लपून खेळतंय, त्यांनी मोठ्यानं बोलायचं कसं? 'नावाडी आहे की तहसील कचेरी?' हे मत मला इतकं आवडलं होतं की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

नावाडी होता भरत तोडकरचा. आमच्या खेळातली सगळी पात्रं भरतनं लिहिली होती. माणूस तिशीचा, गगनबावड्याकडचा, डोक्यानं अफाट, आणि बोलताना अडखळणारा. एकेक अक्षर त्याच्या ओठांवर येऊन अडून बसायचं. त्यामुळे ऑफिसात एक रीतच पडली होती. भरतचं वाक्य आम्ही पुरं करायचो. त्याला त्रास नको म्हणून, असं आम्ही समजायचो. त्यात सगळ्यांत पुढं मी. नावाड्याचा आवाज कुणाचा आहे, असं मगदूमसरांनी एकदा विचारलं होतं. भरत "आ... आहे ए... एक..." म्हणेपर्यंत मी सांगून टाकलं, "असेल नाटकातला कुणीतरी." भरतनं मान खाली घातली. विषय संपला.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी बैठकीत 'काढा'चा ढीग सगळ्यांत मोठा होता. अभिनंदन मगदूम आमचे मालक, स्वभावानं वाईट नव्हेत, पण खेळ बुडाला तर ऑफिसला कुलूप लागणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"भरत, तुझं पात्र. तू बोल," ते म्हणाले.

भरत उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता. "स... सर, थां... थांबणारं कु..."

मी घड्याळाकडं पाहिलं. अजून चौदा मुद्दे बाकी होते. "सर, त्याचं म्हणणं असं की थांबणारं पात्र वेगळं वाटतं, पण खेळाडूंनाच नको असेल तर त्याची हरकत नाही. हो ना, भरत?"

भरत माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि बसला. संध्याकाळी नावाडी आवाजासकट निघाला आणि त्याच्या जागी 'पार करा' असं बटण आलं.

आता या बाई त्याच नावाड्याला शोधत गडहिंग्लजहून पहिल्या गाडीनं आल्या होत्या.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. नाव रत्नाबाई भोपळे. त्यांचे यजमान हिंदुराव एसटीत कंडक्टर. गडहिंग्लज डेपोत एकतीस वर्षं काढली. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात थोडासा सावरला, वाचा मात्र गेली.

"समजतंय सगळं," काकू म्हणाल्या. "डोळ्यांत दिसतंय. शब्द तेवढा भाईर येत न्हाई. डॉक्टर म्हणाले, त्यांना इचारा आणि थांबा. शब्द तुम्ही सांगू नका, त्यांचा त्यांना हुडकू द्या. पर मला ऱ्हावत न्हाई हो. ते नुसतं 'पा' म्हणाले की मी पाण्याचा तांब्या पुढं करते. लेक येती ती तसंच. शेजारी तसंच. सगळ्यांनी मिळून त्यांच्या तोंडातला शब्द काढून घेतलाय बघा."

फळ्यावरच्या 'तहसील कचेरी'कडं माझी नजर गेली.

लेकीनं करमणुकीसाठी टॅबवर नवनदी घालून दिली होती. झाडं, पाणी बघत बसायचे. एक दिवस नावेपाशी आले. नावाड्यानं विचारलं, कुठं जायचं, पाव्हणं?

"आयुष्यभर ह्यांनी लोकांना तेच इचारलं. त्यांना कोण इचारणार? दचकलेच. आणि त्यो नावाडी थांबला. घाई न्हाई म्हणाला. तासभर बसले त्याच्यापुढं. तवापास्नं रोज चारला टॅब घेऊन बसायचे. पयल्यांदा नुसतं आ आ. मग ऊ. परवा शनवारी 'उंबर' म्हणाले." काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "उंबरगाठ म्हणायचं हुतं. पलीकडचं गाव हाय न्हवं? निम्मं आलं. म्हटलं, उद्या सगळं येणार. आणि आयतवारी बघतोय तर नावाडीच न्हाई. एक बटण. ते बटण दाबत न्हाईत. जेवलेबी न्हाईत."

"काकू, तुम्ही आम्हाला कळवायचं होतं," मी म्हणाले. "मत लिहायची सोय आहे त्यात."

"रोज लिवत हुतो की."

त्यांनी टॅब दाखवला. महिनाभर, रोज, चार वाजून गेल्यावर, एकच ओळ. 'नावाडी थांबला. आभारी आहे.'

मला ती ओळ ओळखीची होती. आमचा नियम असा होता की एकाच खात्यावरून तेच ते शब्द तीनदा आले तर ते माणसाचं मत नाही, यंत्रानं पाठवलेलं आहे असं धरायचं. तो नियम मीच केला होता. पहिल्याच आठवड्यात ते खातं मी यादीतून बाद केलं होतं.

"रोज तेच कसं लिहिलंत?" मी विचारलं.

"दुसरं काय लिवणार?" काकू म्हणाल्या. "रोज तेच व्हायचं."

मी सरळ मगदूमसरांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. काढणं शनिवारच्या सुधारणेत जमतं, पण काढलेलं पात्र परत घालायचं तर पुढच्या मोठ्या सुधारणेची वाट पाहायची, म्हणजे पंधरा दिवस. शिवाय हजारभर लोकांनी नको म्हटलेली गोष्ट एका माणसासाठी परत कशी आणायची?

"सर, अंगात शिरता येईल," मी म्हणाले.

हा आमचा ऑफिसातला शब्द. सणावाराला आमच्यापैकी कुणीतरी एखाद्या पात्राच्या अंगात शिरायचं आणि खेळाडूंशी स्वतः बोलायचं. नावाड्याचं चित्र अजून आमच्याकडं पडून होतं. हिंदुरावांच्या खात्यापुरता तो नदीवर उभा करता येणार होता. आवाज तेवढा कुणीतरी द्यायचा. सर म्हणाले, करा, पण पंधरा दिवस रोज चारला कोण बसणार?

भरत दारात उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नाही. "म... मी ब..."

"तू राहू दे," मी म्हणाले. "बोलायचं काम आहे ते. मी करते."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते मी अगदी मायेनं म्हटलं होतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

काकू दुपारच्या आत परत गेल्या. चारला मी नावाडी झाले. आमच्याकडं आवाज बदलायचं साधन होतं, त्यातून माझा आवाज पुरुषी निघत होता. पडद्यावर हिंदुरावांचा वाटसरू काठावर आला. साधा, बिनशस्त्राचा, पहिल्या दिवशी मिळालेल्याच कपड्यांतला.

"कुठं जायचं, पाव्हणं?" मी विचारलं.

पलीकडून श्वास ऐकू आला. जड, घशात अडकलेला. मग "उ..." मग शांतता. मी घड्याळ पाहिलं, वीस सेकंद. पुन्हा "उ... उं..." तो माणूस बुडतोय आणि मी काठावर उभी आहे असं वाटायला लागलं. चाळीस सेकंद झाले आणि माझं तोंड उघडलं.

"उंबरगाठ ना?"

पलीकडचा श्वास थांबला. वाटसरू काठावरून वळला आणि पडदा काळा झाला.

पाच मिनिटांनी काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "बाळ, तूबी सांगून टाकलंस."

रात्री जेवण गेलं नाही. दहावीपर्यंत बाई मला बडबडीबद्दल वर्गाबाहेर काढायच्या, तेव्हाही मला हसू यायचं. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, आणि माझी तर आयुष्यभर विकली गेली होती. न बोलणाऱ्याचं काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी काकूंनी त्यांना कसंबसं पुन्हा टॅबपुढं बसवलं. मी एकच उपाय केला. लहानपणी कांदा चिरताना आम्ही भावंडं तोंडात पाण्याचा घोट धरायचो. तसा मी प्रश्न विचारला आणि लगेच तोंडात पाणी धरलं. काही झालं तरी बोलता येणार नव्हतं.

एक मिनिट गेलं. नावाड्याचं ते "घाई न्हाई" म्हणायची वेळ आली, पण तोंडात पाणी. तसंच राहू दिलं. चार मिनिटं झाली. ऑफिसातली टकटक हळूहळू थांबली, सगळे माझ्याभोवती जमले. सात मिनिटं. हिंदुरावांचा श्वास येत होता, जात होता. मागं काकूंच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. त्याही हात आवरून बसल्या असणार.

बाराव्या मिनिटाला आवाज आला. खरखरीत, एकेक शब्द तळातून ओढून काढल्यासारखा.

"ह्यो... त्यो... न्हवं."

पाणी माझ्या घशाखाली उतरलं.

"बोल्ले!" मागून काकू ओरडल्या. "अवो, तीन शब्द बोल्ले! काय म्हणालासा? पुन्यांदा म्हणा!"

आठ महिन्यांत तो माणूस एवढं सलग बोलला नव्हता, आणि पहिलं बोलला ती तक्रार होती. हा तो नव्हे. आवाज पुरुषी होता, शब्द तेच होते, थांबणंही मी आज थांबले होते. तरी त्याला कळलं. कोण मनापासून थांबलंय आणि कोण तोंडात पाणी धरून थांबलंय, हे एकतीस वर्षं माणसं पाहिलेल्या कंडक्टरला कळणारच.

मी हेडफोन काढले. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला. भरतचा. त्यानं हात पसरला. मी हेडफोन त्याच्या हातावर ठेवले आणि उठले.

भरत बसला. आवाज बदलायचं साधन त्यानं बंद केलं आणि पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर सोडला. डोळे मिटले.

"कुठं जायचं, पाव्हणं?"

एक अक्षर अडलं नाही. भरदार, निवांत, नदीकाठच्या माणसाचा आवाज. गेला महिनाभर हजारभर लोकांनी ज्याला शिव्या घातल्या, तोच आवाज. मगदूमसर दाराशी उभे होते, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्या पात्राच्या अंगात शिरला की भरत अडखळत नव्हता. सुट्टीच्या दिवशी एकटा ऑफिसात येऊन त्यानं ती वाक्यं भरून घेतली होती, हे त्यानं पुढं सांगितलं. त्याला आयुष्यात असं थांबणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून त्यानं ते तयार केलं होतं. शनिवारच्या त्या कागदावर हेच लिहिलेलं होतं. माझे डोळे भरून आले. शरमेनं म्हणा, आणखी कशानं म्हणा.

"उं..." पलीकडून आलं.

"घाई न्हाई," भरत म्हणाला. "नाव कुठं पळून जात न्हाई."

आणि तो खरंच थांबला. खुर्चीला टेकून, हात मांडीवर ठेवून, संध्याकाळी घाटावर कुणी बसावं तसा. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही.

"उंबर," हिंदुराव म्हणाले. दीर्घ श्वास. "गाठ."

"बसा," भरत म्हणाला.

नाव हलणार, तेवढ्यात पलीकडून लाकडावर बोट आपटल्याचा आवाज आला. टक टक. दोनदा. आम्हांला कळेना. मग काकूंचा रडण्यातला हसरा आवाज आला, "डबल बेल दिली हो! चला म्हणतात!" भरतनं नाव पाण्यात लोटली.

त्या संध्याकाळी मी मतांचं कोष्टक उघडलं. बाद केलेलं खातं परत घेतलं. त्याच्या नावापुढं आदल्या दिवसांची मतं होती तशी भरली, आणि शेवटी आजचं मत लिहिलं, 'ह्यो त्यो न्हवं.' कुणाबद्दल, या रकान्यात माझं नाव घातलं. ढीग: 'बदला'. शनिवारी ते मी बैठकीत वाचून दाखवलं आणि मग भरतला त्याचा कागद पुरा वाचू दिला. बावीस मिनिटं लागली. पंधरा दिवसांनी नावाडी परत आला. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी बटणही राहिलं. शिव्या दोघांनाही पडत राहिल्या.

पण मंगळवारचं एक सांगायचं राहिलं. सगळे आपापल्या जागी गेल्यावर भरत आणि मी तिथंच बसून होतो. मला त्याची माफी मागायची होती आणि एरवी धो धो वाहणारं माझं तोंड उघडत नव्हतं. तोच माझ्याकडं वळला.

"हे... हेमांगी, तू... तू..."

अक्षर अडलं. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. मी मनात वाक्य केव्हाच पुरं केलं होतं. तू माझं ऐकून घ्यायला हवं होतंस. तू मला शनिवारी बोलू दिलं नाहीस. तू कोण माझ्या वतीनं बोलणारी? यातलं काहीही तो म्हणाला असता तरी ते खरंच होतं. माझी जीभ टाळ्याला लागली. मी ती तिथंच धरून ठेवली, या वेळी पाण्याशिवाय. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी. तो माझ्याकडं पाहत होता, मी त्याच्याकडं.

"तू... च... चहा सांगतेस का?" भरत म्हणाला. "दो... दोन."

मी उठले आणि चहा सांगायला खाली गेले.